फोटोची पाठ आणि तोंड एकदम दाखवायचंय, काय करू?

नागाताकर:
नमस्कार मंडळी. आधी पसारा सांगते, मग प्रश्न.

बाबा जहाजबांधणीतले इंजिनियर. १९८८ ते १९९३ आम्ही जपानात कोबेत होतो, नागाता वॉर्डात. चपलाबुटांच्या कारखान्यांची वस्ती, गल्लीत शिरलं की सोल चिकटवायच्या गोंदाचा वास. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर नागात्यात आगी लागल्या, त्यात आमची गल्ली गेली. त्यामुळे तिकडे जाऊन बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

गेल्या वर्षी सांगलीला आजीचं घर आवरताना बिस्किटांच्या डब्यात ६३ फोटो निघाले. आईने तिकडून पाठवलेले. वेगळं पत्र घातलं की पाकीट जड होतं, म्हणून तिने फोटोंच्या पाठीवरच पत्रं लिहिली होती. बॉलपेनने, बारीक, पार कडेपर्यंत.

एक नमुना. पुढून: मी, पिवळी टोपी, पुढचे दोन दात गायब, हातात शाळेतून घरी आणलेली असागाओची कुंडी (गारवेलीच्या जातीतली वेल, तिथे पहिलीतली पोरं शाळेत वाढवतात). कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत '९० ७ २०. मागून: "ती. आईस सा. न. चिनूच्या शाळेतली वेल. इथे भेंडी जाळीच्या पिशवीत मिळते, मोजून आठ-दहा. चार पिशव्या घेतल्या तर बाई बघतच राहिली. चार दिवसांत मराठी बोलले ती फक्त चिनूशी. आणि ती जपानीत उत्तर देते."

हे वाचलं आणि डबा बंद केला तो दोन महिने उघडला नाही.

आता काम सुरू केलंय. गाम्पी नावाच्या पातळ वाशीवर, म्हणजे जपानी हातकागदावर, पुढच्या बाजूचं सायनोटाइप (उन्हात उमटणारी निळी छपाई) करते आणि त्यावर साशिकोच्या (जपानी धावदोऱ्याचं भरतकाम) पांढऱ्या दोऱ्याने मागचा मजकूर टाचते. अडचणी दोन. गाम्पी धुताना फाटतो. आणि दोऱ्याने काढलं की अक्षर आईचं राहत नाही, भरतकामाच्या क्लासमधलं होतं. मूळ फोटोवरच टाके घालावेत का? परवा सुई ओवून बसले होते, धीर झाला नाही.

दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतील असं काय करता येईल? आरसा सुचवू नका. करून पाहिला, सलून वाटतं.

लालदिवा:
ताई, सुई डब्यात ठेवा. कोल्हापुरात चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलाय, त्या हक्काने सांगतो. १९९० चा प्रिंट म्हणजे रेझिन-कोटेड कागद, दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा पातळ थर. भोक पाडलंत की तिथून ओल शिरणार आणि थर सुटायला लागणार. मापही बघा, ८९ बाय १२७ मिलिमीटर असेल. जपानी लॅबवाले त्याला 'एल' म्हणतात, आपल्या चार-बाय-सहापेक्षा लहान. निगेटिव्ह नसतील तर या ६३ च्या पलीकडे तुमच्याकडे काही नाही.

आता एक करा. आईसाहेब पेन दाबून लिहायच्या का? खोली अंधारी करा, फोटो टेबलावर तोंड वर करून ठेवा आणि टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने मारा. काय दिसतं ते इथे सांगा. बाकीचं नंतर.

निशीकासाईकर:
आमच्या धाकट्याची असागाओ आत्ता बाल्कनीतच आहे. सुट्टीत पाणी घालायचं काम अर्थात बापाकडे.

गाम्पीचं: कोन्न्याकूच्या (एक जपानी कंद) खळीचा हात द्या, ओला कागद बराच तग धरतो. धुताना ट्रेमध्ये खाली जाळी ठेवा आणि जाळीसकट उचला. आणखी पारदर्शक हवा असेल तर जपानातल्या कोची प्रांताचा तेंगुजो कागद बघा, सर्वात पातळ प्रत चौरस मीटरला १.६ ग्रॅम. जगभर जुनी कागदपत्रं सांधायला तोच वापरतात.

दुसरं, असागाओची फुलं चुरगळून निघणारा रस उन्हात विटतो. तो कागदावर लावून वर पारदर्शक प्रतिमा ठेवायची आणि काही दिवस उन्हात सोडायचं, चित्र उमटतं. ते पक्कं करता येत नाही, उजेडात हळूहळू जातंच. तुमच्या कामाला चालेल की नाही ते तुम्ही ठरवा.

आणि २०११ च्या त्सुनामीनंतर मियागी प्रांतातल्या यामामोतो गावात स्वयंसेवकांनी चिखलातून निघालेले सुमारे साडेसात लाख फोटो धुतले. चेहरे पार वाहून गेलेलेसुद्धा फेकले नाहीत, त्यांची प्रदर्शनं भरली. मूळ फोटोला हात लावण्याआधी ते जरूर बघा.

खवचट खारूताई:
फटकळपणाबद्दल आधीच माफी. आईने भेंडीबद्दल लिहिलंय. तुम्ही वाशी, साशिको आणि निळा रंग घेऊन बसलात. तुमच्या नागात्याच्या घरात वाशी होती का हो? माझ्या अंदाजाने भेंडीची जाळी होती. हा जपान तुम्ही आत्ता दुकानातून आणताय.

इशिउची मियाको या जपानी फोटोग्राफर बाईने आई गेल्यावर तिच्या वापरातल्या वस्तूंचे फोटो काढले, अंतर्वस्त्रं, झिजलेली लिपस्टिक. २००५ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात जपानच्या दालनात ते होते. त्यात चेरीची फुलं शोधून सापडायची नाहीत.

नागाताकर:
खारूताई, लागलं. वाशी नव्हतीच. कॅलेंडरची पाठ होती, तिच्यावर आई हिशोब लिहायची.

लालदिवाकाका, काल रात्री टॉर्च मारला. अक्षरं पुढे उठून आली आहेत! सगळी उलटी, पण शिरोरेघा वरच, दोरीवर वाळत घातल्यासारख्या. 'भेंडी' माझ्या टोपीवर आलीय आणि 'जपानीत उत्तर देते' बरोबर उघड्या तोंडावरून. इतकी वर्षं ते तिथेच होतं आणि मी वाशी आणि दोरे शोधत बसले.

आईला हाक मारली. तिने टॉर्च स्वतः धरला, बराच वेळ इकडून तिकडून फिरवला आणि म्हणाली, "एकटी कुठे होते मी? खालची गोंदवाली बाई रोज दुपारी येऊन बसायची. तूच तिला ओबाचान (मावशी) म्हणायचीस." मला ती बाई अजिबात आठवत नाही. ६३ पाठी पुन्हा वाचल्या, तिचा एका शब्दाने उल्लेख नाही. आई म्हणते, "आजीला काय लिहायचं, चहाला कोण येतं ते?"

तर आता टाके रद्द, निळं रद्द. तिरप्या उजेडात पुढूनच फोटो काढणार, मोठे. जाळी आणि ओबाचानचं काय करायचं ते बघते. पण टॉर्चच्या बाजूला पांढरा डाग पडतो आणि दुसरी कड काळी जाते. ट्रेसिंग पेपर लावू का?

लालदिवा:
मुळीच नको, उजेड पसरला की उठाव मरतो. टॉर्च तसाच खाली ठेवून चार-पाच फूट लांब न्या आणि एक्स्पोजर वाढवा. पलीकडच्या कडेला लहानसा पांढरा पुठ्ठा उभा करा, फार जवळ नको. एकेक फोटो डावीकडून आणि उजवीकडून असा दोनदा घ्या, पण आडव्या रेघा दोन्हींत नीट दिसणार नाहीत. शिरोरेघेसाठी टॉर्च फोटोच्या वरच्या कडेकडून मारावा लागेल.

आणि आईंना विचारून ठेवा, पेन कुठलं होतं.