हॅरिसबर्ग : सस्क्वेहानाकाठी राहिलेल्यांनो, अनुभव लिहा

नदीकाठची
हॅरिसबर्गजवळचं थ्री माइल आयलंडचं अणुवीज केंद्र पुन्हा सुरू करणार अशी बातमी वाचली आणि हॅरिसबर्गचे दिवस आठवले. नवऱ्याचं राज्य सरकारचं कॉन्ट्रॅक्ट होतं, फ्रंट स्ट्रीटच्या मागे घर. १८१२ पासूनची पेनसिल्व्हेनियाची राजधानी, पण लोक हर्शीचं चॉकलेट नाहीतर लँकेस्टरचे आमिश बघायला जातात आणि हिला बायपास करतात. फार वाईट वाटतं मला. मैलभर रुंद सस्क्वेहाना नदी, उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की मधले खडक उघडे पडतात.

शेजारच्या आजी १९७९ चं सांगायच्या. २८ मार्चला त्याच केंद्रातल्या दोन नंबरच्या अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. दोन दिवसांनी गव्हर्नरांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर बायकांना आणि लहान मुलांना बाहेर पडायला सांगितलं. आजी तेव्हा पोटुशी होत्या. घर पाच मैलांच्या बाहेर होतं, तरी निघाल्या. गाडीत बाळंतविडा, घराचे कागद आणि मांजर. नवरा कामावर मागे राहिला. हे सांगताना त्यांचा हात अजून पोटावर जायचा.

तुम्ही कोणी राहिला असाल तर लिहा ना.

कृष्णाकाठ
वॉलनट स्ट्रीटचा पूल! १८९० चा लोखंडी, गावात त्याला 'ओल्ड शेकी' म्हणतात. १९७२ च्या ॲग्नेस वादळाच्या पुरानंतर गाड्या बंद झाल्या, चालणाऱ्यांनाच ठेवला. मग जानेवारी १९९६ मध्ये भरपूर बर्फ पडलेला असताना एकदम ऊब आणि पाऊस आला, नदीवरचा बर्फ फुटून वाहू लागला आणि पुलाचे पश्चिमेकडचे गाळे घेऊन गेला. आता नदीतल्या सिटी आयलंड बेटापर्यंत चालत जाता येतं, त्यापुढे पूल तुटलेलाच.

मी सांगलीचा. २००५ आणि २०१९ दोन्ही पूर घरच्यांनी काढलेत, त्यामुळे तिथे गेल्यावर आधी पाणी कुठवर येतं ते विचारलं. १७ फुटांना पूर धरतात, ॲग्नेसच्या वेळी ३३ फुटांच्या आसपास गेलं होतं. नदीकाठच्या शिपोक भागातली सुंदर जुनी घरं बघायला गेलो होतो, भाड्याने घ्यायची हिंमत झाली नाही. २०११ ला तिथे पुन्हा पाणी शिरलंच.

घाईत_आहे
पोळ्या चालू आहेत, नंतर सविस्तर. फक्त एवढंच, जानेवारीतला फार्म शो, म्हणजे शेतीचं प्रदर्शन!! हजार पौंड लोण्याचा पुतळा!!

नदीकाठची
@घाईत_आहे हो गं, आणि तो मिल्कशेक. बाहेर मरणाची थंडी आणि आत मिल्कशेकला रांग.

रेल्वेवेडा
रॉकव्हिलचा पूल कुणी लिहिला नाही अजून? १९०२ चा, दगडी, ४८ कमानी, आजही मालगाड्या जातात. मी डबे मोजायचो, मुलगा शंभरच्या पुढे कंटाळून दगड मारायला जायचा पाण्यात. तिथून थोडं वर डॉफिनजवळ नदीच्या मध्यात पडक्या रेल्वेपुलाच्या खांबावर छोटा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आहे. १९८६ मध्ये पहिला केला तो खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यांचा! तो पडल्यावर १९९२ ला लोकांनी पक्का बसवला.

ससाणा
मी रेचल कार्सन बिल्डिंगमध्ये कामाला होते. पंधराव्या मजल्याच्या कठड्यावर बहिरी ससाण्याचं घरटं. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन हा पक्षी या भागातून गेलाच होता, आणि डीडीटीविरुद्ध 'सायलेंट स्प्रिंग' लिहिणाऱ्या कार्सनबाईंच्याच नावाच्या इमारतीवर परत आला. पिल्लं उडायला शिकतात तेव्हा खाली रस्त्यावर स्वयंसेवक उभे असतात. एकदा जेवणाच्या सुट्टीत गेले तर एक पिल्लू फुटपाथवर बसलेलं, अंगावर अजून पांढरी लव, चोच उघडी, आणि टक लावून बघणारे मोठे काळे डोळे. एका स्वयंसेवक काकांनी जाड हातमोजे घालून वरून टॉवेल टाकला, खोक्यात ठेवलं. ट्रॅफिक थांबला होता, एकानेही हॉर्न दिला नाही.

पुणे-३०
कॅपिटॉल, म्हणजे राज्याचं विधान भवन, राहिलं की! हिरव्या कौलांचा घुमट, रोमच्या सेंट पीटर्सवरून बेतलेला. १९०६ मध्ये थिओडोर रूझवेल्ट आले होते उद्घाटनाला. सामानाची बिलं मात्र फुटांवर आणि पौंडांवर लावली होती, झुंबरंसुद्धा वजनावर. त्या घोटाळ्यात आर्किटेक्ट तुरुंगात गेला. गेलात तर खाली फरशीकडे बघा, हाताने केलेल्या टाइल्समध्ये माश्या, बेडूक, कोळी सगळे आहेत. माझी लेक रांगत रांगत शोधत होती.

घाईत_आहे
आले. लोण्याचं सांगायचं तर नंतर ते शेतावर नेऊन त्यापासून वीज करतात, वाया जात नाही. बरं, तिकडे कढीपत्ता जगतो का कुंडीत? माझा दर डिसेंबरला जातो.

नदीकाठची
घरात दक्षिणेच्या खिडकीत ठेव, पाणी अगदी कमी. पानं गळली तरी टाकू नकोस, मार्चमध्ये फुटतो.

कृष्णाकाठ
जवळच्या न्यू कंबरलंड गावच्या हरी मंदिरात कुणी जायचं का? तिथल्या एका काकूंनी आम्हाला पहिल्या हिवाळ्यात जुने कोट दिले होते. काकू, वाचत असाल तर नमस्कार.

नवीन_फिली
फिलाडेल्फियाहून एका दिवसात होईल का? गाडी नाही आमच्याकडे.

रेल्वेवेडा
आरामात. कीस्टोन ट्रेन धरा, पावणेदोन तास. स्टेशनवरून कॅपिटॉल आणि नदी दोन्ही चालत. शुक्रवारी गेलात तर ब्रॉड स्ट्रीट मार्केटही उघडं मिळेल. २०२३ च्या आगीत विटांची इमारत गेली, दगडी चालू आहे. सासूबाई बरोबर असतील तर मार्केटपर्यंत टॅक्सी करा, अंतर आहे.