राज्य उभारणीच्या मोहिमेत एनपीसींशी असलेले नाते आकड्यांत कसे मांडावे?

हेक्सवाही (प्रश्न)

आमच्या गटाची राज्य उभारणीची मोहीम गेले दीड वर्ष सुरू आहे. आम्ही पाथफाइंडर या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पहिल्या आवृत्तीचे नियम वापरतो, म्हणजे राज्याची एक फेरी एका महिन्याची असते आणि अर्थव्यवस्था, निष्ठा व स्थैर्य या तीन आकड्यांवर कारभार चालतो. चार पदे खेळाडूंच्या पात्रांकडे आहेत आणि उरलेली एनपीसींकडे, म्हणजे खेळ चालवणारा मी ज्यांच्या वतीने बोलतो त्या पात्रांकडे. सुरुवातीला हे एनपीसी कागदावरचे एक नाव आणि त्यापुढचा एक बोनस एवढेच राहिले होते. त्यांना जीव यावा म्हणून मी प्रत्येकासाठी उणे 5 ते अधिक 5 असा नात्याचा आकडा ठेवला आणि भेटवस्तू, स्तुती व मदत यांनी तो वाढेल असे सांगितले.

वर्षभरात दोन गोष्टी बिघडल्या. पहिली अशी की ज्या खेळाडूच्या पात्राचा करिश्मा (लोकांवर छाप पाडण्याच्या गुणाचा आकडा) सर्वांत जास्त आहे तोच सगळ्यांशी बोलू लागला आणि बाकीचे तिघे गप्प बसू लागले. दुसरी अधिक गंभीर आहे. आमच्या खजिनदार बाईंचा आकडा अधिक 5 वर पोहोचला होता, परंतु मंडळाने त्यांचा विरोध डावलून सलग तीन महिने सर्वांत जड कर लावला, तेव्हा त्यांनी पद सोडावे हेच मला खरे वाटले आणि मी तसे केले. त्यावर खेळाडूंनी विचारले, ‘मग अधिक 5 चा अर्थ काय होता?’ माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यांचा राग मला अन्यायाचा वाटत नाही. ही यंत्रणा सुधारता येईल का, की ती काढूनच टाकावी?

सिंहासनामागे

काढून टाकू नका. आपल्या खजिनदार बाईंच्या बाबतीत आपला निर्णय योग्य होता आणि आकडा चुकीचा होता, कारण त्या एका आकड्यात आपण दोन वेगळ्या गोष्टी भरल्या होत्या. एखाद्या मंत्र्याला राणीविषयी अपार माया असू शकते आणि तरीही तिच्या कारभाराशी त्याचे पटत नसू शकते. उलट एखाद्या सेनापतीला राजा मनापासून नावडत असेल, पण सिंहासनाला दिलेला शब्द तो मोडणार नाही. राज्य उभारणीच्या खेळातली सर्वांत चांगली दृश्ये याच फटीतून जन्माला येतात, आणि एकच आकडा ठेवला की ती फट बुजते.

मी प्रत्येक पदाधिकाऱ्यासाठी दोन आकडे ठेवतो. पहिला स्नेह, जो प्रत्येक खेळाडूच्या पात्राशी स्वतंत्र असतो. दुसरा बांधिलकी, जो संपूर्ण राज्याशी असतो. (त्याला निष्ठा म्हणत नाही, कारण त्या नावाचा राज्याचा आकडा आधीच आहे आणि खेळताना गोंधळ होतो.) स्नेह भेटीगाठींनी वाढतो. बांधिलकी मात्र भेटवस्तूंनी हलतच नाही. ती फक्त मासिक फेरीतल्या निर्णयांनी बदलते, आणि त्यासाठी प्रत्येक एनपीसीची एक मागणी व एक मर्यादा मी आधीच लिहून ठेवतो. आपल्या खजिनदार बाईंची मागणी बहुधा ‘खजिन्यात संकटकाळापुरती शिल्लक असावी’ अशी असती आणि मर्यादा ‘प्रजेला नागवून ती भरू नये’ अशी. मर्यादा ओलांडली गेली की त्या महिन्यात बांधिलकी एकाने घटते, आणि ती शून्याखाली जाण्यापूर्वीच्या फेरीत तो एनपीसी ज्याच्याशी स्नेह सर्वाधिक आहे त्या पात्राकडे एकांतात येऊन आपले मन मोकळे करतो. स्नेहाचा खरा उपयोग हाच आहे: तो राजीनामा थांबवत नाही, पण त्याची पूर्वसूचना मिळवून देतो. खेळाडूंना फसवणूक झाल्यासारखे वाटले ते बाई गेल्या म्हणून वाटले नसावे. त्या जाणार हे कळण्याचा मार्गच त्यांना मिळाला नव्हता.

पद रिकामे झाल्याचा फटका नियमांत आहेच. आपल्या आवृत्तीत खजिनदार नसेल तर अर्थव्यवस्था 4 ने घटते आणि कर गोळा करता येत नाही, त्यामुळे वेगळी शिक्षा शोधण्याची गरज नाही.

शांतदूत

दोन आकड्यांची कल्पना मला पटते, पण चार खेळाडू आणि दहा पदाधिकारी असतील तर स्नेहाचेच चाळीस आकडे होतात, आणि ते दर महिन्याला सांभाळणारा जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) मी अजून पाहिलेला नाही. ज्या चार-पाच एनपीसींविषयी खेळाडू आपणहून विचारतात तेवढ्यांचेच आकडे ठेवावेत.

करिश्म्याच्या अडचणीवर मात्र पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीतून एक चांगली गोष्ट उचलता येते. 2020 मध्ये आलेल्या गेम मास्टरांच्या मार्गदर्शिकेत प्रभावाची जी उपप्रणाली आहे, तिच्यात भेटीचा प्रसंग फेऱ्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पात्र आपल्या फेरीत एकतर समोरच्यावर प्रभाव टाकण्याचा किंवा त्याच्याविषयी काही जाणून घेण्याचा प्रयत्न करते. यशाने प्रभावाचा एक गुण मिळतो, मोठ्या यशाने दोन, आणि मोठ्या अपयशाने एक गुण जातो. महत्त्वाचे हे की प्रत्येक एनपीसीवर कोणती कौशल्ये चालतील हे त्याच्याच नोंदीत लिहिलेले असते. जुन्या शिकाऱ्याला वनविद्येच्या गप्पांनी जिंकता येते, किमयागाराला हस्तकौशल्याने, आणि गोड बोलणाऱ्याचा काहींना तिटकाराही असू शकतो. असे केले की जो खेळाडू आजवर गप्प होता त्याच्याकडे पाहून बाकीचे स्वतःच म्हणतात, ‘या वेळी तू बोल.’ माझ्या गटात पहिल्याच सेशनला हा बदल दिसला, आणि वनरक्षकाचे पात्र खेळणारा आमचा सर्वांत अबोल खेळाडू तासभर एका सरहद्दीवरच्या सरदाराशी वाटाघाटी करत होता, याचा आनंद मला आजही आहे.

दोनफासे

वरच्या दोन्ही उत्तरांत एनपीसी काय करेल हे शेवटी जीएमच ठरवतो. मला वाटते की काही निर्णय फाशांवर सोडावेत. या छंदाच्या अगदी सुरुवातीपासून, म्हणजे 1974 च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्सपासून, समोरच्याची प्रतिक्रिया दोन सहा-बाजूंच्या फाशांवर ठरवण्याची रीत आहे, आणि नात्याचा आकडा त्या बेरजेत मिळवला की त्याचा अर्थ खेळाडूंना लगेच कळतो. समजा, राज्य संकटात असताना एखादा सरदार सैन्य घेऊन येण्यासाठी 9 किंवा अधिक हवे आहेत. नाते शून्य असेल तर 36 पैकी 10 शक्यता अनुकूल आहेत, म्हणजे सुमारे 28 टक्के. नाते अधिक 2 असेल तर 36 पैकी 21, म्हणजे सुमारे 58 टक्के; आणि उणे 2 असेल तर फक्त 3, म्हणजे जेमतेम 8 टक्के. म्हणूनच अधिक 5 इतका मोठा आकडा मी कधीच ठेवणार नाही, कारण तिथे 36 पैकी 33 शक्यता अनुकूल होतात आणि फासे टाकण्याला अर्थ उरत नाही. उणे 3 ते अधिक 3 पुरेसे आहे.

आणखी एक, एनपीसींचे एकमेकांशी असलेले नातेही नोंदवा. सेनापती आणि खजिनदार यांचे वैर असेल तर एकाला खूश करणारा प्रत्येक निर्णय दुसऱ्याला बोचतो, आणि मग सगळ्यांना भेटवस्तू देत फिरण्याचा मार्ग आपोआप बंद होतो.

हेक्सवाही

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. मी पाच पदाधिकारी निवडले आहेत, प्रत्येकाची मागणी आणि मर्यादा लिहिली आहे, आणि आकडे उणे 3 ते अधिक 3 असे ठेवणार आहे. सेनापतीची मर्यादा लिहिताना लक्षात आले की गेल्या दोन महिन्यांत खेळाडूंनी तीही ओलांडली आहे. एकच शंका उरते: ही मागणी आणि मर्यादा खेळाडूंना उघड सांगावी का?

सिंहासनामागे

मागणी उघड सांगावी, कारण पद स्वीकारताना कोणताही मंत्री ती स्वतःच बोलून दाखवेल. मर्यादा मात्र त्यांनी भेटीगाठींतून शोधून काढावी, म्हणजे शांतदूत यांनी सांगितलेल्या ‘जाणून घेण्या’च्या प्रयत्नालाही काम मिळेल. सेनापतीच्या बाबतीत मागचे दोन महिने मोजू नका. त्या वेळी हा नियम नव्हता. पुढच्या फेरीच्या आरंभी त्यांना स्नेह सर्वाधिक असलेल्या पात्राच्या दारात उभे करा आणि तिथून मोजणी सुरू करा.