रत्नागिरीला तुम्ही कधी गेलात? (आणि फसलात का?)

ओली चौकट:
आज सकाळी बाथरूमचं दार अडकलं. पावसानं फुगलंय. खांदा लावून ढकलताना एकदम आजीचं रत्नागिरीचं घर आठवलं. जुलैत तिथलं एक दार धड लागायचं नाही, आजी आतून पाटा टेकवून ठेवायची.

ऑफिसातली नवी मुलगी परवा विचारत होती, रत्नागिरीला कधी जाऊ? सगळे एका सुरात डिसेंबर. मी जुलै म्हटलं तर माझ्याकडे बघायलाच लागले. पण मला आठवते ती जुलैतली रात्रच. लाइट गेलेली, पागोळ्या धो धो, आणि त्यांच्या मागून समुद्राची गाज. एरवी घरापर्यंत ऐकू यायची नाही. आजी पडल्या पडल्या म्हणायची, "आज मिऱ्याकडून येत्येय, उद्या उघडीप नाही." खरं व्हायचं की नाही ते कुणी तपासलं नाही.

तुम्ही कुठल्या महिन्यात गेलात? लिहा.

सुरमईप्रेमी:
जुलै!! आम्ही गेलो होतो, खास मासे खायला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते हे मिरकरवाड्यात पोचल्यावर कळलं. सगळ्या बोटी झाकून ठेवलेल्या. खाणावळवाला म्हणाला, बर्फातली सुरमई देऊ की अंडाकरी? सासरे तीन दिवस वरणभात जेवले. अजून ऐकवतात.

मीठभाकर:
सुकट होती ना पण

सुरमईप्रेमी:
होती. त्यांना वास चालत नाही.

मीठभाकर:
मग ऋतूचा काय दोष 😄

अढीतला:
बागायतदाराच्या घरचा आहे म्हणून सांगतो. मार्चमध्ये आंबे खायला येऊ नका, पेटीचा भाव ऐकून परत जाल. मेचा पहिला-दुसरा आठवडा बरा. त्यानंतर वळीव पडला की फळमाशी, मग आमचीच झोप उडालेली असते, पाहुणे कोण बघणार. पारा ३३-३४च्या वर फारसा जात नाही, पण अंगाला शर्ट चिकटतो तो रात्रीपर्यंत सुटत नाही. आणि कृपा करून अढीत हात घालू नका. एका पाहुण्यानं झाडावरून नुकताच उतरवलेला आंबा देठाकडून दातानं फोडला. चिकानं ओठ असा भाजला की बिचारा आमरसाच्या पंगतीला ताक पीत बसला.

वेटिंग ४२:
गणपतीत. ६० दिवस आधी सकाळी आठला रेल्वेचं बुकिंग उघडतं, मी आठ वाजून दोन मिनिटांनी ४२ वेटिंग. शेवटी गाडी काढली, १६ तास. आरती हुकली, मोदक मिळाले.

ओली चौकट:
@वेटिंग ४२ मोदक मिळाले ना, मग तक्रार कसली

सड्यावरची:
सप्टेंबरला कुणीच मत देत नाही? पाऊस ओसरता ओसरता सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तेरडा, सीतेची आसवं, नुसते गालिचे. एक गडबड मात्र झाली. मुलांना उक्षीचा कातळात कोरलेला हत्ती दाखवायचा म्हणून वचन दिलं होतं, तर वाटेतच पावसानं गाठलं. हत्तीसाठी दिवाळीनंतर परत गेलो. एका ट्रिपमध्ये दोन्ही जमत नाही बहुतेक.

नोव्हेंबरवाले काका:
नोव्हेंबरच. हवा कोरडी, पहाटे मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा) सुटते, स्वेटर लागत नाही. थिबा पॅलेसच्या गच्चीबद्दल विचार करत होतो मागे. ब्रह्मदेशच्या त्या राजाला १८८६ साली रत्नागिरीत आणलं, वाडा बांधून झाला १९१० ला, आणि १९१६ मध्ये तो इथेच गेला. तीस वर्षांचे सगळे ऋतू बघितलेला माणूस. खरं म्हणजे त्यालाच विचारायला हवं होतं.

मीठभाकर:
काका, तो म्हणाला असता मंडाले 🙏

भैरीची लेक:
शिमगा विसरलात सगळे! ग्रामदैवत भैरीबुवाची पालखी बघितली नाही तर रत्नागिरी बघितलीच नाही. शिवाय तेव्हा ओले काजू असतात. सोलताना बोटांची सालं जातात ती गोष्ट वेगळी, आई हाताला खोबरेल चोपडून बसायची. उसळ टाकलीये गॅसवर, नंतर लिहिते

आरेवारे:
ओली चौकट, गाज ऐकायला जुलैत जरूर जा. पण पाण्यात उतरू नका कुणी. आरे-वारेच्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यात काही ना काही घडतं. आमच्या वर्गातला एक मुलगा असाच गेला. जास्त लिहवत नाही.

ओली चौकट:
अरे. वाईट वाटलं वाचून.

अढीतला:
पाणी वरून दिसतं तसं नसतं तिकडचं. स्थानिकही पावसाळ्यात जात नाहीत.

सुरमईप्रेमी:
चौकट, आजीचं घर आहे का अजून? धाग्यावरच्या सगळ्यांना बोलवा जुलैत, सुकट आम्ही आणतो

ओली चौकट:
विकलं हो. पाटा तेवढा माझ्याकडे आलाय, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर. मिक्सरच्या खाली ठेवलाय.

भैरीची लेक:
उसळ करपली

मीठभाकर:
चौकट, त्या दाराच्या कडेला मेणबत्ती घासा. रंधा मारू नका, ऑक्टोबरात दार सुकून सैल होईल आणि मग कडीच लागणार नाही. आमच्याकडे झालंय.