मदत हवी आहे: स्पीकर भिंतीला लावले की घुमतात, पुढे आणले की वाट अडते

नमस्कार मंडळी. आमचा हॉल 12 बाय 10 फुटांचा. बुकशेल्फ स्पीकर 10 फुटी भिंतीला चिकटून शोकेसवर आहेत, त्यांचं पोर्ट (खर्जाची हवा बाहेर पडायचं भोक) मागच्या बाजूला. डावा अगदी कोपऱ्यात, उजव्याशेजारी बाल्कनीचं सरकतं दार. डग्ग्याचा घुमारा संपता संपत नाही आणि गाणाऱ्या बाईचा आवाज दोन स्पीकरांच्या मधोमध न येता डावीकडे सरकतो.

रविवारी दोन्ही स्टुलांवर ठेवून भिंतीपासून दोन फूट पुढे आणले. दोघांत सहा फूट, मीही दोघांपासून तेवढ्याच अंतरावर. काय फरक पडला! तानपुरा मागे, आवाज पुढे, सगळं सुटं. पण स्वयंपाकघराची वाट अडली. आई कुकर हातात घेऊन म्हणाली, "हे इथंच राहणार आहे का?"

सोफा मागच्या भिंतीला टेकलेला आहे. 12 फुटांत साधारण 47 हर्ट्झचा सूर अडकतो आणि भिंतीपाशीच जास्त घुमतो, हे कळतं. म्हणून खुर्ची खोलीच्या मध्यावर नेली, तर तिथे खर्जच गायब.

स्पीकर फूटभरच पुढे आणून पोर्टमध्ये फोमचा बोळा घातला तर चालेल का? की सोफाच पुढे ओढू? छोट्या हॉलमध्ये कुणी हे निस्तरलंय का?