पोकरमध्ये टिल्ट (डोकं फिरून वाईट खेळणं) झाल्यावर टेबलावरून उठवतच नाही, उपाय सुचवा

रिव्हरग्रस्त
नमस्कार मंडळी. नो लिमिट होल्डम पोकर खेळतो, ऑनलाइन, छोटे स्टेक्स (छोट्या पैजा), जास्त करून सिक्स मॅक्स कॅश (सहा जणांचं टेबल, थेट पैशांवर). खेळ बऱ्यापैकी येतो असं वाटतं, रेंज, पोझिशन, पॉट ऑड्स वगैरे वाचून झालंय, शांतपणे हँड रिव्ह्यू केला की स्वतःचे घोळही दिसतात. पण एक मोठा पॉट बॅड बीटने (आपले पत्ते भारी असूनही नशिबाने हरणं) गेला ना की पुढचा अर्धा तास मी वेगळाच माणूस असतो. परवा माझे एक्के, समोर राजे, सगळे चिप्स प्रीफ्लॉपच (टेबलावर पत्ते उघडण्याआधी) आत आणि रिव्हरला (शेवटच्या पत्त्याला) तिसरा राजा. ठीके, होतं. पण मग त्याच प्लेयरचा हिशोब चुकता करायचा म्हणून राजा-नव्वी ऑफसूट (वेगवेगळ्या रंगाचे, कमजोर पत्ते) घेऊन थ्रीबेट (वाढवलेल्या पैजेवर आणखी वाढ) मारत बसलो, दुसरं टेबल उघडलं, मग एक लेव्हल वरचं उघडलं. हे चुकतंय ते आतून कळत असतं पण बोट थांबत नाही. "मनावर ताबा ठेवा" नका सांगू प्लीज. प्रत्यक्षात काय करता ते सांगा.

घट्टमूठ
ताबा त्या क्षणी येतच नाही त्यामुळे त्या भानगडीत मी पडत नाही. जे ठरवायचं ते बसायच्या आधी, आणि ते पाळायचं काम स्वतःवर सोडायचं नाही, सेटिंगवर सोडायचं. ऑटो रीबाय आणि ऑटो टॉप-अप (टेबलावर आपोआप पैसे भरणं) आधी बंद करा, स्टॅक गेला की पुन्हा पैसे आणायला चार क्लिक लागल्या पाहिजेत. अकाउंटमध्ये त्या दिवसापुरते तीनच बाय-इन (एकदा टेबलावर बसायची रक्कम) ठेवा बाकी काढून घ्या. वरचे स्टेक्स लॉबीत फिल्टर लावून दिसेनासे करा. आणि डिपॉझिट लिमिट लावा, बहुतेक साइटवर लिमिट कमी केली की लगेच लागू होते आणि वाढवायला थांबावं लागतं, हे थांबणंच आपल्याला हवंय.

वजाबाकी
+१, पण सोबत आकडेही डोक्यात पक्के बसवा. एक्के विरुद्ध राजे म्हणजे साधारण ८२-१८. म्हणजे शंभरातल्या १८ वेळा एक्के हरणारच, त्यात समोरच्याने काही पाप केलेलं नाही. फ्लॉपवर (पहिले तीन पत्ते उघडल्यावर) फ्लश ड्रॉ (एकाच रंगाच्या पाच पत्त्यांना एक कमी) असेल तर रिव्हरपर्यंत तो ३५ टक्के वेळा लागतो. आता त्याहून कडू गोष्ट. समजा तुम्ही खरंच चांगले आहात, १०० हातांमागे ५ बिग ब्लाइंड (आळीपाळीने भरायची सक्तीची मोठी पैज) जिंकता. सिक्स मॅक्सला १०० हातांमागचं स्टँडर्ड डेव्हिएशन (निकालांचा चढउतार) ९० बिग ब्लाइंडच्या आसपास धरा. तर १०,००० हात खेळूनही तुम्ही तोट्यात असण्याची शक्यता दहात जवळजवळ तीन! प्रत्यक्ष टेबलावर तासाला २५-३० हात होतात, तिथे १०,००० हात म्हणजे आठवड्यातून एकदा बसणाऱ्याचं अख्खं वर्ष गेलं. मग एका संध्याकाळच्या निकालावर चिडून काय उपयोग. आणि ३०-४० बाय-इनचा बँकरोल (खेळासाठी वेगळे ठेवलेले पैसे) नसेल तर चिडचिड होणारच, कारण प्रत्येक पॉट जिवावरचा वाटतो.

निशाचर
@वजाबाकी, हिशोब बरोबर आहे पण ८२-१८ तोंडपाठ असलेले लोक टिल्ट होताना रोज बघतो. गणित कळणं वेगळं आणि वजा दिसणारा आकडा बघवणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच लिहून ठेवलंय की झालेला तोटा ज्याने मनाने पचवलेला नाही तो एरवी ज्या पैजांना हात लावणार नाही त्या लावतो. तुमची राजा-नव्वी म्हणजे अगदी तेच.

आणखी एक, स्टॉप लॉसवाले सांगतील दोन बाय-इन गेले की उठा. पत्त्यांना तुम्ही कितीने खाली आहात हे माहीत नसतं, त्यामुळे निव्वळ गणिताने त्या रेषेला काही अर्थ नाही. अर्थ एवढाच की खाली असताना आपण वाईट खेळतो. मग थेट वाईट खेळणंच पकडा ना! प्रत्येकाची चिन्हं वेगळी, माझी सांगतो: समोरच्याची टर्न चालू असतानाच मी कॉल ठरवून टाकलेला असतो, चॅटमध्ये काहीतरी खोचक टाइप करायला लागतो, आणि दर दोन मिनिटांनी बॅलन्स बघतो. यातलं एक जरी दिसलं तरी पुढच्या बिग ब्लाइंडला सिट आउट (पत्ते न घेता बाजूला बसणं), मग वर असो नाहीतर खाली. पैशांपेक्षा हे आधी कळतं, दोन बाय-इन जाईपर्यंत उशीर झालेला असतो. तुमची चिन्हं शोधायला जुन्या हँड हिस्टरीत फक्त बॅड बीटनंतरचे वीसेक हात बघा, सगळं तिथेच पडलेलं असतं.

चौकटची_राणी
निशाचर यांच्याशी सहमत. पण स्टॉप लॉस टाकून देऊ नका हं, ज्याला चिन्हं ओळखता येत नाहीत त्याला आकडा तरी दिसतो. माझ्याकडून दोन छोट्या गोष्टी. बॅलन्स आणि पॉट पैशांऐवजी बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सेटिंग असते, ती लावा, फरक पडतो. आणि त्रास दिलेला हात मार्क करून सोडून द्या, त्याचा पोस्टमॉर्टेम त्याच रात्री नको.

जिंकतानाचा टिल्ट कुणी बोललंच नाही! तीन बाय-इन वर असलं की "आज माझा दिवस आहे" म्हणत सत्ती-पंजीनेही रेझ कॉल करणारे कमी नाहीत.

तटस्थ
जरा वेगळं विचारतो, राग मानू नका. हे पैसे गेले तर चालण्यासारखे आहेत ना? उसने घेऊन खेळणं, हरल्याचं घरी लपवणं, न खेळता दिवस गेला की अस्वस्थ वाटणं, यातलं काही असेल तर वरचे सगळे उपाय बाजूला ठेवा, सेल्फ एक्सक्लूजन (साइटवर स्वतःलाच खेळायला बंदी) टाका आणि समुपदेशकाशी बोला. तो टिल्ट नाही.

रिव्हरग्रस्त
@तटस्थ, राग कसला, बरं झालं विचारलंत. नाही, तसं काही नाही, हा बँकरोल वेगळाच ठेवलाय. ऑटो रीबाय बंद केलंय आणि वरचे स्टेक्सही लपवले. हँड हिस्टरी बघायला घेतली, वाचवत नाहीये :) पण एक शंका, टूर्नामेंटमध्ये काय करायचं? तिथे उठून कसं जाणार, ब्लाइंड्स तर कापत राहतात.

निशाचर
जा की. एक पूर्ण फेरी न बघता फोल्ड केली तर दोन ब्लाइंड मिळून दीड बिग ब्लाइंड, अँटी (दर हाताआधी भरायची छोटी सक्तीची रक्कम) धरून अडीचच्या आसपास. चाळीस बिग ब्लाइंडचा स्टॅक असताना तो तिरीमिरीत ऑल-इन ढकलण्यापेक्षा अडीच कधीही स्वस्त. स्टॅक दहाच्या खाली असेल तर मात्र ही चैन परवडत नाही, तिथे पुश-फोल्डचा (कोणत्या पत्त्यांवर ऑल-इन आणि कोणते टाकायचे) चार्ट शेजारी उघडा ठेवायचा आणि तो सांगेल तेच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. मोठ्या साइटवर तासाच्या ५५व्या मिनिटाला पाच मिनिटांचा ब्रेक असतो, त्यात स्क्रीनसमोर बसून लीडरबोर्ड बघत बसू नका.

वजाबाकी
चार्टचं बेस्ट. फक्त अँटी असलेला आणि नसलेला वेगवेगळा असतो तेवढं बघून घ्या.