मुलाला लस द्यायची की नाही हा फक्त आईबापांचा प्रश्न आहे का?

मुक्ता०७
आमच्या सोसायटीतल्या एका जोडप्याने मुलाला जन्मल्यावर दिलेल्या बीसीजीनंतर (क्षयरोगाची लस) एकही लस दिलेली नाही, मूल आता दोन वर्षांचं होईल. दोघंही शिकलेले, चांगल्या नोकऱ्या, कुणाकडे आजारपण असलं की डबा घेऊन जाणारी माणसं आहेत. परवा बागेत विषय निघाला तर म्हणाले आमचं मूल, आमचा निर्णय, डॉक्टर सगळे कंपन्यांचे एजंट. मी गप्प बसले पण तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, कारण माझ्या बहिणीची मुलगी सात महिन्यांची आहे आणि रोज संध्याकाळी त्याच बागेत असते. गोवरची लस आपल्याकडे नऊ महिने झाल्यावर मिळते, म्हणजे तिला आज हवी असली तरी मिळणार नाही, आजूबाजूच्या मुलांनी घेतलेली असणं हेच तिचं संरक्षण. गोवरचा एक पेशंट लस नसलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, तो खोलीतून गेला तरी दोनेक तास विषाणू हवेत असतो, म्हणून तर १०० पैकी ९५ मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. मग हा निर्णय त्यांच्या मुलापुरता कसा राहतो? मला तरी अजिबात पटत नाही.

रानजाई
मी त्या जोडप्यातली नाही पण त्यांच्यासारखीच आहे. मोठीला दीड महिन्याची असताना पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) दिली, रात्री १०३ ताप, मांडी दगडासारखी, पाय हलवला की किंचाळायची, मी रात्रभर मांडीवर घेऊन बसले होते. सकाळी विचारायला गेले तर तिथली बाई म्हणाली येतोच ताप, शिकलेल्या ना तुम्ही. अहो, येतोच तर आदल्या दिवशी एक शब्द सांगायचा ना! मोठीचे पुढचे डोस थांबवले, धाकट्याला तर सुरूच केले नाहीत. आणि ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना पोलिओच्या डोसऐवजी सॅनिटायझर पाजलं होतं ते विसरलात का? मुलं वाचली म्हणून ठीक. प्रश्न विचारला की अडाणी म्हणायचं, ह्याचा राग येतो मला.

माणदेशी
राग शंभर टक्के बरोबर आहे ताई, आणि सॅनिटायझरचा प्रकार तर अक्षम्य होता. पण तो हलगर्जीपणा होता, त्याने पोलिओचा डोस वाईट ठरत नाही. त्याच डोसमुळे २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा एकही पेशंट सापडलेला नाही. उलट २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गोवंडीत काय झालं आठवा, एकाच घरातली तीन लेकरं दोन दिवसांत गेली, गोवरचाच संशय होता, मग मालेगाव, भिवंडी. कोविडमध्ये डोस राहिलेली, काहींच्या घरच्यांनी नकोच म्हटलेली अशी मुलं होती त्यात. तेव्हा साथीच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायची वेळ आली.

शोधक_
गोवर काय नवीन आहे का? आमच्या लहानपणी घरोघरी यायचा, आजी कडुलिंबाचा पाला अंथरायची, आठवड्यात मुलं खेळायला लागायची. आणि परदेशात लसीमुळे ऑटिझम होतो असं डॉक्टरनेच छापलं होतं, ते दाबलं गेलं.

माणदेशी
दाबलं नाही, उघडं पडलं. वेकफिल्ड नावाच्या त्या डॉक्टरचा पेपर १९९८ चा, लॅन्सेट या वैद्यकीय मासिकातला, त्यात मुलं होती फक्त १२. लस कंपन्यांवर खटला भरणाऱ्या वकिलांकडून तो पैसे घेत होता हे नंतर एका पत्रकाराने शोधून काढलं, २०१० मध्ये लॅन्सेटने पेपर मागे घेतला आणि त्याच वर्षी त्याचं लायसन गेलं. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांचा अभ्यास झाला, २०१९ ला छापून आला, लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त दिसला नाही. कडुलिंबाचं म्हणाल तर माझ्याही आजीने अंथरलाय, तिच्या तोंडावर देवीचे वण होते आणि तिची दोन भावंडं गोवरातच गेली. सणाला त्यांची नावं घेऊन ती पान वाढायची.

शोधक_
तुमच्या घरचं वाईट झालं, मान्य. तरी पैशांचं राजकारण असतंच, मी माझ्या मतावर ठाम आहे.

नर्सताई_पीएचसी
मी स्वतः टोचते, २२ वर्षं झाली. रानजाई ताई, तुम्हाला जे उत्तर मिळालं ते चूक होतं, ताप येईल, मांडी सुजेल, वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल कसं द्यायचं हे आधी सांगणं आमचं कामच आहे, सत्राला गर्दी असते पण ते काही कारण नाही. पेंटाने ताप येतो तो बहुतेक त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे, दोनेक दिवसांत उतरतो. आणि विश्वास नसेल तर आम्हाला तपासा, खरंच. बाटलीवर एक गोल असतो, गोलात चौकोन, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तरच लस चांगली, गोलाइतका गडद झाला म्हणजे उष्णता लागली. गोवरची पावडर असते, पाणी मिसळलं की बाटलीवर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली वापरायची नाही. ती वेळ बघायला मागा. मला कुणी विचारलं तर बरंच वाटतं.

मुक्ता०७
रानजाई, तुमच्यावर ओरडायला धागा काढला नव्हता. त्या रात्रीबद्दल वाचून वाईट वाटलं. पण भाचीची भीती आहेच माझी, ती कमी झाली नाही.

रानजाई
भाचीचं वाचलं, तेवढं मात्र डोक्यात राहिलंय. पेंटाला माझी अजून हिंमत होत नाही. धाकटा अडीच वर्षांचा आहे, नुसती गोवरची देता येते का? का आधीचं सगळं झाल्याशिवाय देत नाहीत?

नर्सताई_पीएचसी
येते ना. पाच वर्षांपर्यंत देता येते, उजव्या दंडात, दुसरा डोस महिन्याने. गोवरच्या लसीचा ताप लगेच येत नाही, आठ-दहा दिवसांनी येऊ शकतो, बारीक पुरळही दिसतं कधीकधी, घाबरू नका. पेंटा एक वर्षापर्यंतच सुरू करतात, त्यामुळे त्याला ती नाही, त्याऐवजी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) असते, त्याचं नंतर बोलू. कार्ड सापडलं नाही तरी या, नवीन करून मिळतं. आणि मोठीलाही घेऊन या, तिचं काय काय राहिलंय ते बघू.