वजन कमी करायला कोरियन काढा घ्यावा का?

मृण्मयी_सुवोन: नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही दक्षिण कोरियात सुवोनला असतो. बाळ आठ महिन्यांचं आहे, अजून अंगावर पितं. बाळंतपणात वाढलेलं वजन काही केल्या उतरत नाही. शेजारच्या ताई इथल्या पारंपरिक दवाखान्यातून (हानुइवोन) काढा घेतात, चांगल्या बारीक झाल्यात. मीही जावं का? थायरॉइडची गोळी चालू आहे.

सीमा_सोल: मी घेतलाय. हे वैद्य भोंदू नव्हेत. सहा वर्षांचं शिक्षण आणि सरकारी परवाना असतो. नाडी बघतात, झोप, घाम, पोट सगळं खोदून विचारतात. कोरियन वैद्य ली जे-मा यांनी १९व्या शतकाच्या शेवटी माणसांच्या चार प्रकृती मांडल्या, त्यातली तेउम प्रकृती लठ्ठपणाकडे झुकणारी मानतात. तिच्यासाठी तेउमजोवितांग हा काढा: चेस्टनट, मुळ्याचं बी, ओमिजा (एक लाल आंबट फळ) आणि माह्वांग ही वनस्पती. सीलबंद पाकिटांत मिळतो, कोमट करून प्यायचा. भूक खरंच मरते. पण तोंडाला कोरड, आणि रात्री डोळ्याला डोळा नाही.

औषधी_नागपूर: सीमाताई, भूक आणि झोप दोन्ही उडवतं ते माह्वांगच. म्हणजे एफेड्रा, त्यात एफेड्रिन असतं. नाडी आणि रक्तदाब वाढवतं. अमेरिकेने २००४ मध्ये एफेड्रा असलेल्या पूरक गोळ्यांवर बंदी घातली, ती याच धोक्यांमुळे. मृण्मयी, तू अंगावर पाजतेस, वर थायरॉइडची गोळी. अगदी कळकळीने सांगते, हा काढा आत्ता नको. बाळाच्या पोटात जाईल आणि तुझ्या छातीत धडधडेल. आधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घे. बाळंतपणानंतर गोळीचा डोस बदलावा लागतो, आणि तो कमी पडत असेल तर वजन हटत नाही.

मृण्मयी_सुवोन: बापरे, हे ताईंनाही माहीत नसेल. त्यांना बीपी आहे!

सीमा_सोल: मग त्यांना आजच सांग. दवाखान्यात सरळ विचारायचं, "माह्वांग दुरोगायो?" म्हणजे माह्वांग आहे का. बीपीची गोळी घेतात हेही सांगायचं. तुला जायचंच असेल तर सुयांचा उपचार (अ‍ॅक्युपंक्चर) विचार, पण अंगावर पाजतेस हे पहिल्यांदा सांग. सुयांनी फार वजन उतरतं असं मी म्हणणार नाही. पैशांचंही बघ: कंबरदुखीच्या सुया राष्ट्रीय आरोग्य विम्यात बसतात, वजनाचे उपचार बसत नाहीत.

मृण्मयी_सुवोन: टीएसएच उद्याच करते. ताईंकडे आत्ता निघाले.